मनगटशास्त्री

डोंबिवलीहून सकाळची ८.१७ ची फास्ट पकडणाऱ्याला दिवसाकाठी निदान चाळीस मनगटं बघावी लागतात. दुसरं काही दिसतच नाही. वरच्या कड्यांना लोंबकळणारे हात बरोबर डोळ्यांसमोर येतात, आणि एखाद्याच्या पट्ट्याखालून निघालेला घामाचा ओघळ ठाण्यापर्यंत त्याच्या कोपराशी पोचलेला आपल्याला दिसतो. आम्ही बाकीचे अशा वेळी डोळे मिटतो. मनगटशास्त्री निदान करतात.

"लेदर," ते माझ्या कानाशी पुटपुटतात, समोरच्याच्या एक्स-रेत काहीतरी दिसल्यासारखे. "मे महिना, आणि लेदर! हा पट्टा गणपतीही बघत नाही."

प्रत्येक डब्यात एक आंबाशास्त्री असतो, एक शेअरशास्त्री असतो. मनगटशास्त्री ही जमात अलीकडची. पन्नाशी उलटलेली, घराचे हप्ते फिटलेले, मुलगी मार्गी लागलेली, डॉक्टरांनी साखर तोडलेली. अशा पुरुषाला एके दिवशी अचानक स्वतःचं मनगट सापडतं.

माझी चूक एवढीच, की मी त्यांना विचारलं, "काहो, आपल्या हवेत कुठलं घड्याळ बरं?" प्रश्न मे महिन्यात विचारला होता. उत्तर ऑगस्टपर्यंत चालू होतं.

"आधी तुमचा घाम कसा आहे ते सांगा." घामाचे प्रकार असतात हे मला तेव्हा कळलं. पाणीदार घामाला नायलॉन चालतं, कारण ते लवकर वाळतं. वाळल्यावर पट्ट्यावर पांढरे नकाशे उमटले तर घाम खारा. मग चामड्याचं नावही काढायचं नाही. रबराला काही होत नाही, पण त्याच्याखाली आपल्याला घामोळं येतं. स्टीलच्या चेनीचं तसं बरं असतं, फक्त तिच्या कड्यांमध्ये अख्ख्या मध्य रेल्वेचा मळ साठतो. शास्त्रीबुवा दर रविवारी जुना टूथब्रश, कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन ती घासतात. "घड्याळाचं अभ्यंगस्नान झालं की तुम्हीही आंघोळीला जा," असं वहिनी आतून सांगतात. सध्या त्यांच्या हातात टायटॅनियम आहे. ते गंजत नाही, अंगावर पुरळ उठवत नाही आणि वजनाला इतकं हलकं, की ते जागेवर आहे ना, हे शास्त्रीबुवा दर स्टेशनला चाचपून बघतात.

त्यांचे मेहुणे पुण्याचे. बारा वर्षं एकच चामडी पट्टा वापरतात आणि तो अजून करकरीत आहे. हा विषय घरात काढत नाहीत. "त्यांचं काय, हवा कोरडी," शास्त्रीबुवा म्हणतात. कोरडेपणा पुणेकरांना मानवतो, हे मात्र खरं.

मग पाण्याचा अध्याय. माझ्या जुन्या घड्याळाच्या पाठीवर '३० मीटर' असं कोरलेलं होतं. मी भोळेपणाने विचारलं, "म्हणजे तीस मीटर खोल चालेल?"

"अहो, बादलीतसुद्धा चालायचं नाही! तो आकडा प्रयोगशाळेतल्या दाबाचा. तिथे ना साबण, ना गरम पाणी, ना तुमचा हलणारा हात. तीस म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे. पन्नास म्हणजे पावसात छत्री उलटली तर. पोहायचं असेल तर शंभर."

"आणि दोनशे?"

"जुलैत कुर्ला ते सायन रुळांवरून चालत जायचं असेल तर."

हा शेवटचा हिशेब कुठल्याही जपानी कारखान्याने केलेला नसेल, पण मला तोच सगळ्यात पटला.

खरी भानगड एसीची. बाहेरच्या दमट हवेतून गारढोण ऑफिसात शिरलं की घड्याळाच्या आत कोंडलेली वाफ काचेखाली धरते. म्हणून शास्त्रीबुवा लिफ्टपाशी मनगट खिशात घालून सात मिनिटं उभे राहतात. "घड्याळाला सवय होऊ दे." तोवर मस्टर जातं. साहेबांनी एकदा जाब विचारला, तर हे म्हणाले, "साहेब, १९५५ पर्यंत ही मुंबई आपल्या वेळेने चालायची, देशापेक्षा ३९ मिनिटं मागे. मी फक्त सात मिनिटं मागे आहे." साहेब नागपूरचे. त्यांना हे खरं आहे की नाही तेच कळेना. (खरं आहे.)

आमच्या वडिलांच्या पिढीला हा घोर नव्हता. घड्याळ सासऱ्याने द्यायचं, तेव्हा हवामानाचा विचार सासऱ्याच्या ऐपतीत व्हायचा. १९६१ साली एचएमटीने बंगळुरात सिटिझनच्या मदतीने घड्याळं करायला घेतली आणि पुढे घरोघर 'जनता' आली. वडिलांचीही जनताच. सकाळी चावी द्यायची, उन्हाळ्यात पट्ट्याखाली रुमालाची घडी सरकवायची, संपलं शास्त्र. कुणाला सोनेरी मुलाम्याचं मिळालं, तर घामाने तो कडेकडेने उडून खालचं पितळ दिसायचं. साधारण त्याच सुमाराला सासुरवाडीतलं जावयाचं कौतुकही ओसरलेलं असायचं.

गेल्या श्रावणाआधीच्या रविवारी आम्ही दोघं पापलेट आणायला ससून डॉकला गेलो. तिथे एक पोरगा बर्फाच्या पाट्या उचलत होता. खालून समुद्राचं पाणी, वरून पाऊस, मधे घाम, आणि मनगटावर साधं काळं प्लास्टिकचं कॅसिओ. १९८९ पासून निघतं ते, २१ ग्रॅम वजनाचं. शास्त्रीबुवांची पावलं थबकली. त्या घड्याळाची ऐपतही तीसच मीटरची.

"गॅस्केट कधी बदललंस रे?"

"काय बदललं?"

"आतलं रबर. पाणी नाही शिरत?"

"बंद पडलं की नवीन घेणार, काका. सात वर्षं झाली, पडतच नाही."

शास्त्रीबुवा व्हीटीपर्यंत गप्प होते. मला वाटलं, खचले. पण भायखळा गेल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "लक्षात आलं. बाहेरचं मीठ आतल्या मिठाला अडवतं! आता मला माझ्या घामाचं प्रमाण काढायला हवं."

मी मात्र वडिलांची जनता घेऊन स्टेशनबाहेरच्या घड्याळजीकडे गेलो. त्याने तेलपाणी केलं, शंभर रुपयांचा नायलॉनचा पट्टा घातला आणि सांगितलं, "रात्री काढून कोरड्या फडक्याने पुसा. बाथरूममध्ये ठेवू नका. पाऊस लागला तर खिशात टाका." एवढंच. घड्याळ दिवसाला दोनेक मिनिटं मागे पडतं.

ते मी अजून गाडीत घातलेलं नाही. तुम्हीही ८.१७ ने येत असाल तर मे महिन्यातसुद्धा फुल शर्ट घाला, आणि वरची कडी डाव्या हाताने धरू नका.