रुंद टायरचं खूळ

"वहिनी, कढीपत्ता तोडा हवा तेवढा, पण कान इकडे द्या. तुमचा धाकटा काल आमच्या भाच्याची चांगली बोलणी खाऊन गेला."

"आता काय केलं त्यानं?"

"केलं नाही, करणार होता. आर-१५ ला मागे १५० चा टायर बसवायचा म्हणे! सगळ्या खारघरच्या पोरांना ही साथच आलीय. उत्सव चौकात बाइक लावली की मागून भारदस्त दिसली पाहिजे."

"मला तर म्हणाला, रेसिंगसाठी हवाय."

"तेच ना! चाललाय कोइमतूरला, करी मोटर स्पीडवेवर. शर्यतीच्या गाड्या बांधणारे करिवर्धन, त्यांच्या नावाचा ट्रॅक. जेमतेम दोन किलोमीटरचा आणि नुसती वळणं. तिथे बाइक झटकन आडवी व्हायला हवी. कंपनीनं १४० दिलाय तो रिमचं माप बघून. त्याच रिमवर जास्त रुंद टायर कोंबला की कडा आत ओढल्या जातात, गोलाई बिघडते, बाइक वळायला जड होते. वर जास्तीचं वजन, ते ओढायचं अठरा-एक हॉर्सपॉवरच्या इंजिनानं. भाचा म्हणतो, रुंदीचं कौतुक मागे उभं राहणाऱ्याला, चालवणाऱ्याला नाही."

"मग ते मोटोजीपीत असतात तसले गुळगुळीत घ्यावेत."

"स्लिक? हे त्याचं दुसरं खूळ! अहो, ते रबर तापलं तरच चिकटतं. तिथे टायरला विजेवरची ब्लँकेटं गुंडाळून ठेवतात आणि बाइकला ताकदही दणदणीत. आपली दीडशे सीसी ते कधी तापवणार? समईवर तवा ठेवून भाकरी भाजण्यातला प्रकार. पहिल्याच वळणावर पोरगं आडवं. त्यापेक्षा त्याच मापाचा, रस्त्यावर चालणाराच पण मऊ रबराचा टायर बरा. एमआरएफ, युरोग्रिप, पिरेली, जो खिशाला झेपेल तो. फक्त घेताना बाजूवरचे चार आकडे वाचायचे. ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. दुकानात पडून पडून मऊ टायरही कडक होतो."

"बरं, हवा आपला कोपऱ्यावरचा पंक्चरवाला भरेल."

"त्याचं काय, अंगठ्यानं दाबतो आणि म्हणतो 'झालं'! खरी गंमत हवेतच आहे, वहिनी. चार-पाच फेऱ्यांत टायर तापतो, आतली हवा तापते, प्रेशर चढतं. म्हणून सकाळी गार टायरमध्ये रस्त्यापेक्षा कमी भरायची. फेऱ्या मारून आत आलं की टायर गरम आहे तोवर स्वतःच्या गेजनं मोजायची, मग एकेक पीएसआय खालीवर. हे न करता महागडा टायर घेतला तर पैसे पाण्यात. आणि नवा टायर म्हणजे पहिल्या फेऱ्या हळूच. वरची चकाकी जाईस्तोवर तो घसरतो. भाच्यानं हे तीनदा सांगितलं, तुमच्याचं लक्ष मोबाइलमध्ये."

"आणि आत्ताचे टायर?"

"मागचा सायन-पनवेल हायवेवर सरळ पळून मधोमध सपाट झालाय, ट्रॅकला कुचकामी. खाचा शिल्लक असतील तर कॉलेजपुरता ठेवा. भाऊजींना खर्च सांगितलात का?"

"सांगितला की. तीन हजार."

"अहो, तेवढ्यात पुढचाच येईल!"

"मग पुढचाच सांगितलाय."