देव 'तू', साहेब 'आपण'

वसई-विरारकडचा माणूस घरातून निघून स्टेशन गाठेपर्यंत दोन-तीन भाषा बदलतो आणि त्याला ते जाणवतही नाही. उंबऱ्याच्या आत कादोडी नाहीतर वाडवळी, रिक्षात थोडी मुंबई आणि विरार लोकलच्या दारात तर व्याकरणच गळून पडते. तिथे पिकल्या केसांच्या गृहस्थालाही 'सरक ना रे' म्हणावे आणि त्याने राग न धरता चार बोटे सरकावे. तेवढ्या जागेत 'आपण' मावत नाही.

तोच गृहस्थ रविवारी, जेवण अंगावर आलेले असताना, तुंबलेल्या गटाराबद्दल प्रभाग कार्यालयाला अर्ज लिहायला बसतो. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय विनंती करण्यात येते की...' बघता बघता तो स्वतःच वाक्यातून नाहीसा होतो. 'मी'चा अर्जदार होतो, गटाराचा 'सांडपाण्याचा निचरा' होतो. असे वाक्य साखरपुड्याला आलेल्या व्याह्यासारखे असते: पाटावर ताठ बसते, पण पोटभर जेवत नाही. मला मात्र या अर्जांविषयी माया वाटते. त्यांत थोडी भीती असते, थोडी हौस. शाळेत घोटलेले 'आपला नम्र' वापरायला मिळते ते इथेच. डास बिचारे दोन्ही भाषांत सारखेच चावतात.

माणूस जितका मोठा तितके संबोधन लांब, असा आपला समज. मग सर्वांत मोठा जो, त्याचे काय? जीवदानीच्या पायऱ्या चढताना बायका धापा टाकत देवीशी अगं-तुगं करतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) इथल्या चर्चमधली लॅटिन मिस्सा मराठीत आली, तीही परमेश्वराला 'तू' म्हणतच. त्याच्या कितीतरी आधी, १६१६ साली छापल्या गेलेल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी फादर स्टीफन्स या इंग्रज माणसाने ओवी निवडली होती, जात्यावर बसणाऱ्या बाईच्या ओठांवरची. आणि नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, यांनी आपल्या बायबलच्या अनुवादाला नाव दिले 'सुबोध बायबल'. आकाशातल्या बापाशी बोलायला सुबोध चालते. नळाच्या जोडणीला मात्र 'उपरोक्त' लागते.

तेव्हा पुढच्या अर्जात 'महोदय' जरूर लिहा, साहेबांना बरे वाटते. फक्त गटाराला गटार म्हणा.