तानाजीच्या मिशा फ्रीजरमध्ये

एपॉक्सी पुटी टिकवायची तर एकच पथ्य: रेझिन आणि हार्डनर यांची वेळेआधी गाठ पडू द्यायची नाही. इथे संसारावर एक विनोद करायला जागा आहे. आमच्या छंदातल्या प्रत्येक नवऱ्याने तो एकदा केलेला आहे. दुसऱ्यांदा केलेला मला अजून कोणी भेटलेला नाही.

पंचाईत अशी की चिमुकल्या मूर्ती घडवणाऱ्यांचा जिच्यावर जीव, ती ‘ग्रीन स्टफ’ नावाची पुटी कारखान्यातूनच गाठ पडून येते. चपटी रिबन, अर्धी पिवळी, अर्धी निळी. पिवळं रेझिन, निळं हार्डनर. दोन्ही मळली की हिरवा गोळा होतो आणि तास-दीड तासात तो बोटांचं ऐकेनासा होतो. पण रिबनच्या मधोमध, जिथे दोन रंग खेटून बसलेले असतात, तिथे आपण हात लावायच्या आधीच कारभार सुरू झालेला असतो. त्या रेघेवर बारीक बारीक खडे धरतात. मी करतो ते मावळे 28 मिलिमीटरचे. डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं. असा खडा एखाद्याच्या गालात निघाला तर देवीचा व्रण म्हणून खपवता येतो. पण सगळ्या पलटणीला देवी येऊन गेल्या, असं किती वर्षं सांगणार? म्हणून रिबन हातात आली की ब्लेडने मधली चिंधी कापून फेकायची, दोन रंग दोन पिशव्यांत घालायचे, हवा दाबून काढायची आणि फ्रीजर. तापमान दहा अंशांनी उतरलं की असली प्रक्रिया साधारण निम्म्यावर येते, हा रसायनातला ढोबळ हिशेब. डोंबिवलीच्या 30 अंशांतून उणे 18 मध्ये गेलं की वेग तिसाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. पुटीचं वय वाढायचं जवळजवळ थांबतं. माझं वाढत राहतं, पण मी फ्रीजरमध्ये मावत नाही.

‘आणि फ्रीजर’ असं मी किती सहज लिहून गेलो! जणू तो माझाच आहे. आमच्या फ्रीजरमध्ये पुढे खवलेला नारळ. त्याच्या मागे जानेवारीत, स्वस्त होते तेव्हा, घरातल्या सगळ्यांना टीव्हीसमोर बसवून सोललेले मटार. उजवीकडे हापूसचा रस. हा रस ‘कोणी आलं तर’ म्हणून राखीव असतो, आणि कोणी आलं की ‘एवढ्यांना कसा पुरणार’ म्हणून राखीवच राहतो. सगळ्यांत आत, बर्फाने भिंतीला चिकटलेला, एक स्टीलचा डबा आहे. त्यात बहुधा सोललेले वाल आहेत. बायको म्हणते तो आईने ठेवलाय. आई म्हणते बायकोने ठेवलाय. दोघींपैकी एकीनेही तो माझ्या समोर उघडलेला नाही, आणि त्याला हलवायचं धाडस करणारा माणूस आमच्या घराण्यात जन्मायचा आहे. मटार काढताना डब्याला हात लागला तरी लोक हात मागे घेतात. पाहुण्यांची मुलं बर्फ काढायला जातात तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओरडते, “आतल्या डब्याला हात नको हं!” आत काय आहे हे मात्र तिलाही सांगता येत नाही. अशा ठिकाणी मी माझं पाकीट घेऊन गेलो.

बायकोचा मुद्दा बिनतोड होता. “ते अंगाला लागलं तर पुरळ उठतं म्हणून तू हातमोजे घालतोस. आणि ते माझ्या मटारांशेजारी?” शेवटी हवाबंद डबा, त्याला चिकटपट्टी, आणि झाकणावर लाल अक्षरांत ‘विष’, अशा अटींवर तह झाला. पुढे साताऱ्याहून आलेली मावशी सरबताला बर्फ काढायला गेली. परत आली ती बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारत होती, “तुमचं दोघांचं सगळं ठीक आहे ना गं?”

आता, एवढं जपून मी करतो काय? मी सिंहगड करणार आहे. 1670 ची माघातली रात्र, कडा, दोर, वर तानाजी. त्या मोठ्या कामासाठी अस्सल माल राखून ठेवलाय. तानाजीच्या मिशांना पुरेल एवढी एक पट्टी तर मी वेगळी गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवली होती. काम का अडलंय? घोरपडीमुळे. यशवंती घोरपड खरी की दंतकथा, यावर एकमत नाही, आणि इतिहासाशी प्रतारणा माझ्याकडून होणार नाही. हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलंय की आता बोलताना माझी मान आपोआप वर होते. तोवर सरावासाठी एम-सील. काळं-पांढरं मळायचं, राखाडी मावळे पाडायचे.

इथेच घोळ आहे. मी शिल्पकला म्हणतो, सोसायटी प्लंबिंग म्हणते. कोणालाही सांगा, “मी एपॉक्सी पुटीत काम करतो.” समोरचा म्हणतो, “म्हणजे एम-सीलच ना? आमच्या बेसिनखाली जरा बघता का?” मला मनापासून राग येतो. पाच मिलिमीटरच्या पगोट्याला एकामागून एक पेच देणाऱ्या माणसाला बादलीचं भोक दाखवायचं? त्यातून दुःख असं की जगभरचे मूर्तिकार ज्या ग्रीन स्टफची आरती ओवाळतात, तीही एके काळी अमेरिकेत ‘ड्यूरो’च्या नावाने हार्डवेअरच्या दुकानांत घरदुरुस्तीसाठीच विकली जायची. हे मी सोसायटीत कोणाला सांगितलेलं नाही.

गेल्या भाद्रपदात, गौरी दोन दिवसांवर असताना, वरच्या मजल्यावरच्या काकू पदराखाली काहीतरी घेऊन आल्या. शाडूचा मुखवटा. नाकाचा शेंडा आणि डावी नाकपुडी गेलेली.

“खंडित म्हणायचं नाही,” त्यांनी आधीच बजावलं. “खरचटलंय.”

मी म्हटलं, “काकू, बाजारात सुंदर मुखवटे मिळतात.”

“मिळतात. पण सगळ्यांची नाकं सरळ. आमच्या गौरीचं बसकं आहे, सासूबाईंसारखं.” जरा थांबून म्हणाल्या, “माझं नि त्यांचं कधी पटलं नाही रे. पण नाक तेच हवं.”

राखाडी एम-सीलमध्ये नाकपुडीची कड मऊ पडते, हे मला माहीत होतं. ग्रीन स्टफमध्ये निळं किंचित जास्त घेतलं की कड धारदार येते, हेही. चिठ्ठी लावलेली पट्टी बाहेर काढली. पिशवी लगेच उघडली की गार पुटीला ओल धरते, म्हणून ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत काकूंना चहा दिला. मग दातांच्या डॉक्टरांकडची एक जुनी सळई ओली करून मी नाक चढवत गेलो आणि काकू समोर बसून ते उतरवत गेल्या. “अजून बसकं. अजून. हां, आता त्या रागावल्यासारख्या दिसतात.” नथीच्या भोकासाठी व्हॅसलीन लावलेली टाचणी आत ठेवली आणि पुटी आवळत जाईल तशी दर थोड्या वेळाने फिरवत राहिलो. रात्रभर गौर पिवळ्या दिव्याखाली, हिरव्या नाकाने, माझ्या टेबलावर बसून होती. दुसऱ्या दिवशी रंग दिला. नथ घातल्यावर काकूंनी मुखवटा हातभर लांब धरला, बराच वेळ पाहिला, आणि मला काहीच न बोलता त्याच्याशीच बोलल्या, “या आता.”

हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला काकूंनी नाक दाखवलं. “खालच्या मजल्यावरच्याने केलंय. एम-सीलने.” बायको तिथेच होती. ती ताठ उभी राहून म्हणाली म्हणे, “एम-सील नाही हो काकू, ग्रीन स्टफ. फ्रीजरमध्ये जपून ठेवावं लागतं.” डब्यात मोकळी झालेली जागा मात्र त्याच संध्याकाळी नारळाने घेतली होती.

चार दिवसांनी सेक्रेटरी दारात. गच्चीवरच्या टाकीचा जोड ठिबकत होता. मी निमूटपणे एम-सील मळायला घेतलं, तर त्यांनी माझा हात धरला.

“हे साधं नको,” ते म्हणाले. “ते गौरीच्या नाकाचं लावा.”