मामाजींची डायना

2010 साली वैशाख अधिक आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला सोन्याचं काहीतरी मिळतं असं ऐकून होतो, म्हणून भर उन्हात अकोला गाठलं. कूलरपुढे बसलो, 33 अनारशांचं ताट आलं आणि ताटामागोमाग मामाजी, म्हणजे सासरे, आले. त्यांच्या हातात जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं होतं.

"जवाईबापू, त्या अभिनव बिंद्राच्या बापानं पोराले घरीच रेंज बांधून देल्ली, म्हून बीजिंगातून सोनं आलं. तुमच्या घरी सांदवाडी हाये ना?"

घरामागे सांदवाडी होती. म्हणजे सोनं मिळणार नव्हतं, ते मी आणायचं होतं.

धोतरातून निघाली डायना. जर्मनीतल्या रास्टाट गावी 1890 साली निघालेल्या कंपनीची एअरगन. तिच्या शिक्क्यात शिकारीची रोमन देवी आहे. धनुष्यबाण पायाशी टाकून तिनं बंदूक डोक्यावर उंच धरलीय. मामाजींनी उभी हयात त्या बाईला तेलपाणी केलं. सासूबाई तिचं नाव घेत नसत, नुसतं "ते बया" म्हणत. बया घराबाहेर पडतेय म्हटल्यावर त्यांनी मला आणखी चार अनारसे बांधून दिले.

घरी परतताना अमरावतीच्या एसटीत मी ते धोतराचं गाठोडं गुडघ्यांमध्ये उभं धरून बसलो. शेजारच्या आजींनी विचारलं, "वीणा हाय का जी? सप्त्याले चालले?" मी मान हलवली. ती नेमकी कोणत्या दिशेनं हलली ते आता आठवत नाही, पण मूर्तिजापूरपर्यंत तीन जण गाठोड्याच्या पाया पडले. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं नाही आणि मला उतरायला वाट करून दिली ती "सरका, महाराज उतरून रायले" असं म्हणत.

याच रस्त्यावर लोणी ते माना दरम्यान 2022 च्या जूनमध्ये एका लेनचं सलग 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तासांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. माझी डायना बारा वर्षं आधी निघाली, ही तिची चूक. खड्ड्यांनी बंदुकीची माशी हलली. माझा नेम चुकण्याचं अधिकृत कारण आजही हेच आहे.

सांदवाडीत हापशीपासून मागच्या भिंतीपर्यंत मोजून 10 मीटर जागा निघाली. ऑलिंपिकमध्ये एअर रायफल 1984 पासून आहे, तीही एवढ्याच अंतरावरून. या प्रकाराच्या निशाणात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे ठिपक्याच्या नऊपट जाड छर्रा घेऊनसुद्धा माणसं चुकतात. हे ऐकून बायको म्हणाली, "तुम्ही आधी भिंत मारून दाखवा." छर्रे अडवायला तिनं लग्नातली गादी दिली. वऱ्हाडात बाकी कशाची वानवा असेल, कापसाची नाही. दहा किलोची गादी भिंतीला टेकवली, तिच्यापुढे खोबरेल तेलाचा रिकामा डबा मांडला.

छर्रा शिशाचा, कमरेत बारीक, थेट डमरू. मागून तो पोकळ असतो. हवेनं त्याचा घेर फुलतो आणि नळीला चिकटतो. नळी मुळाशी मोडायची, त्या जोरानं आतली स्प्रिंग दबते, डमरू बसवायचा, नळी मिटायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते आणि बंदूक आधी मागे, मग पुढे असे दोन हिसके देते, तेही छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत. म्हणून ती सैल धरायची, झोपल्या बाळासारखी. मी ती दावं तोडून निघालेल्या म्हशीसारखी धरत असे.

"लायसन लागत असंन ना बे याले?" शेजारच्या बापूंनी भिंतीवरून विचारलं. नाही लागत, नळी साडेचार मिलिमीटरच्या वर नसली आणि जोर बेताचा असला, की झालं. "मंग त्या वांदरायले हाण ना दोन!" पण वांदरांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं कवच आहे. आणि कायदा नसता तरी त्यांना माझ्यापासून तसा धोका नव्हताच.

वांदरांचा हा कळप आमच्या पेरूवर पोसलेला. पहिल्या दिवशी डायना पाहून सगळे पळाले. दुसऱ्या दिवशी टिनावर बसून त्यांनी माझा सराव पाहिला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की नळी मोडल्याचा 'खट्' आवाज आला की हा माणूस पुढचं मिनिटभर खिशात डमरू शोधतो. तेव्हापासून 'खट्' झालं की धप्प व्हायचं. मी नळी मिटून वर पाही, तर पेरू हुप्प्याच्या हातात आणि हुप्प्या रामफळावर. त्या हंगामात आमच्या वाट्याला फक्त देठ आले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला 50 मीटरवरून 600 पैकी 597 मारून जगज्जेती झाली. मामाजींचा रात्री फोन आला. "तुमचे किती झाले?" त्या दिवशी डबा दोनदा पडला होता. एकदा वाऱ्यानं. मी "दोन" म्हणालो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

दोन हिवाळ्यांनंतर गादी पिंजायला काढली. गादीवाल्यानं कापूस मोकळा करता करता हात पुढे केला. तळव्यावर शिशाचे चेपलेले डमरू होते. बायकोनं मोजले, 19 भरले. छर्ऱ्यांचा डबा 500 चा होता आणि तो केव्हाच संपला होता. ती काही बोलली नाही. तिनं फक्त मान वळवून भिंतीपलीकडे पाहिलं.

तिकडे बापूंच्या गच्चीवर टाकीवाला पाण्याच्या टाकीला ठिगळ लावत होता. हे चौथं. भोकं इतकी गोल कशी, हे त्यानं विचारलं नाही, त्याचं त्यावर पोट होतं.

"ऊन, दुसरं काय!" बापू मला पाहून म्हणाले. "पार तडकवून टाकली ना टाकी."

"हो ना बापू," मी म्हणालो. "ही आग सगळी अकोल्याकडूनच येते."