रा. रा. फॅक्सराव यांस अनावृत पत्र

रा. रा. फॅक्सराव, मुक्काम अमेरिकेतील समस्त दवाखाने, यांस कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, २०१८ साली मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या तेव्हाच्या प्रमुख सीमा वर्मा यांनी डॉक्टरांचे दवाखाने २०२० पर्यंत फॅक्समुक्त व्हावेत, असे जाहीर आवाहन केले होते. २०२० आले आणि गेले. आपण आहात तिथेच आहात. गोळ्या-औषधांच्या चिठ्ठ्या एव्हाना संगणकावरून थेट दुकानात पोचू लागल्या होत्या. पण घरी ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाची चिठ्ठी औषधाच्या दुकानात जातच नाही. ती जाते कॉन्सन्ट्रेटर हे ऑक्सिजनचे यंत्र भाड्याने देणाऱ्या पुरवठादाराकडे. २००९ च्या कायद्याने संगणकीकरणासाठी पैसा दिला तो डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना. पुरवठादारांचे पान त्या पंगतीत मांडलेच नव्हते. त्या रिकाम्या जागेत आपण बस्तान ठोकलेत, आणि त्याबद्दल आपले अभिनंदन.

लोक आपल्याला संथ म्हणतात. हा अन्याय आहे. कागद आपण मिनिटभरात पोचवता. आपला खरा गुण वेगळाच आहे: आपण कधीही काहीही विचारत नाही. ‘ऑक्सिजन २ लिटर, घरी’ एवढेच लिहिलेला, वर टोनरचा काळा पट्टा उमटलेला, सही असलेला पण तारीख नसलेला कागद आला, तरी आपण तो बिनतक्रार पलीकडे उतरवता आणि अलीकडे ‘ओके’ची पावती छापता. हे २ लिटर बसल्या जागी की चालताना? झोपेतही? बाहेर नेण्याजोगे यंत्र हवे की भिंतीला जोडलेलेच चालेल? पैसे देण्यापूर्वी मेडिकेअरला साधारणपणे रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण ८८ टक्के किंवा त्याहून खाली गेल्याची नोंद लागते. ती कुठे आहे? मग पुरवठादाराचा फोन, दवाखान्याचे ‘होल्ड करा’, दुरुस्त कागद, पुन्हा आपण. घरी सोडायला तयार असलेला रुग्ण तोवर हॉस्पिटलच्या खाटेवर.

मुद्दा सोयीचा नाही, मात्रेचा आहे. ऑक्सिजन हे औषध आहे, आणि त्याची मात्रा लिटरमध्ये जशी असते तशी तासांतही असते. १९८० साली अमेरिकेतल्या चाचणीत सीओपीडी या फुफ्फुसांच्या आजाराच्या ज्या रुग्णांनी फक्त रात्री ऑक्सिजन घेतला, त्यांच्यातले मृत्यू जवळजवळ दिवसभर घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाले. १९८१ च्या ब्रिटिश चाचणीने रोज किमान १५ तासांचा फायदा दाखवला. उलट काही रुग्णांना जास्त ऑक्सिजन दिला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो. असे औषध तासांविना लिहिले तर ती अर्धी चिठ्ठी, आणि अर्धी चिठ्ठी अडवणे आपल्या स्वभावात नाही. संगणकाच्या स्वभावात मात्र तो उद्धटपणा आहे: रकाना रिकामा असेल तर तो पुढे जाऊ देत नाही. माझ्या मते त्याची खरी कमाई वेग नसून हीच आहे.

आपले वकील म्हणतील, संगणक हॅक होतो. होतो, फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या आरोग्य-व्यवहार हाताळणाऱ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि देशभरातल्या औषध दुकानांचे व्यवहार अडकले. म्हणून पर्यायी वाट हवीच, पण अडीअडचणीची वाट हा रोजचा हमरस्ता करायचा नसतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: थकलेला डॉक्टर रकाने कसेही भरून मोकळा होईल. अगदी खरे. त्यावर उपाय रकाने वाढवणे नव्हे, कमी करणे. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा डॉक्टरने टाइप करू नये, तो नोंदीतून आपोआप यावा. विचारायचे ते लिटर, तास आणि यंत्राचा प्रकार एवढेच. कुणी म्हणेल, मेडिकेअरने ऑक्सिजनचे सीएमएस-४८४ हे प्रमाणपत्र १ जानेवारी २०२३ पासून रद्दच केले, मग पुन्हा रकाने कशाला? तो कागद बिलासाठी होता, साहेब. रुग्णाच्या मात्रेची गरज कोणत्याही परिपत्रकाने रद्द झालेली नाही.

तेव्हा निवृत्तीचा अर्ज आपणच द्यावा, ही विनंती. फक्त तो फॅक्सने पाठवू नये. पोचला का, हे विचारायला पुन्हा कुणाला तरी फोन करावा लागेल.