बिनमानाचा पाहुणा

सोलापूरच्या स्थानकावर उतरलेल्या परगावच्या मनुष्याला सोलापुरातच यावयाचे आहे, ही गोष्ट तेथील रिक्षावाल्यांस सहसा पटत नाही. पश्चिमेस पंढरीचा विठोबा, उत्तरेस तुळजापूरची भवानी आणि आग्नेयेस अक्कलकोटचे स्वामी, अशा तीन जागृत स्थानांच्या ऐन मध्यावर वसल्यामुळे या गिरणगावाच्या वाट्यास धर्मशाळेचे प्राक्तन आलेले आहे. लोक येथे उतरतात, तोंड धुतात, शेंगांची चटणी आणि एखादी चादर खरेदी करतात, व ज्या देवाचा नवस असेल त्या देवाच्या मोटारीत जाऊन बसतात. मी ‘गावातच’ असे सांगितल्यावर माझ्या रिक्षावाल्याने प्रथम माझ्याकडे, नंतर माझ्या सामानाकडे निरखून पाहिले आणि अत्यंत सहानुभूतीने विचारले, “कुणाचं काय झालंय ओ?”

त्याचा तर्क अगदीच निराधार नव्हता. वैशाखात जेथे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपर्यंत लीलया चढतो आणि नळाचे पाणी एखाद्या पर्वणीप्रमाणे काही दिवसांच्या अंतराने अवतरते, त्या नगरास ‘सरोवरतीरीचे विहारस्थान’ ही पदवी बहाल करण्यास छाती लागते. तथापि सोलापुरास एक सोडून तीन तलाव आहेत, ही वस्तुस्थिती आहे: भुईकोट किल्ल्याच्या तटास खेटून असलेला सिद्धेश्वराचा; विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव, ज्याचे दप्तरी नाव आता धर्मवीर संभाजी तलाव असे आहे; आणि तुळजापूरच्या वाटेवरचा हिप्परगा, म्हणजे इंग्रजी अमदानीत आदिला नदी अडवून १८७१ साली पुरा झालेला एकरूखचा जलाशय. एवढ्या पाण्याने वेढलेल्या गावात घरोघरी पिंपे भरून ठेवण्याची चाल का आहे, हा प्रश्न मी यजमानांस विचारला नाही; पाहुण्याने विचारू नयेत अशा प्रश्नांत त्याची गणना होते.

यजमान म्हणजे माझे मामा. त्यांची हयात एका गिरणीच्या हिशेबखात्यात गेली, आणि गिरणीचा भोंगा बंद पडून कित्येक वर्षे लोटली तरी त्यांच्या कानावरची पेन्सिल खाली उतरलेली नाही. हिवाळ्यात तळ्यांकाठी जे जे घडते त्याचे एक टिपण मी, माझ्या स्वभावास अनुसरून, आगाऊ तयार करून नेले होते: डाव्या रकान्यात वेळ, मधल्यात प्रेक्षणीय गोष्ट आणि उजव्यात अभिप्रायासाठी मोकळी जागा. ती मोकळी जागा पाहून मामांमधला हिशेबनीस जागा झाला. ‘नौकाविहार, सकाळी नऊ’ यापुढे ‘नामंजूर’ असा शेरा पडला. ‘किल्ला, दहा ते अकरा’ हे कलम तहकूब झाले. आणि ‘नंदीध्वजांच्या काठ्यांची मिरवणूक पाहणे, बारा ते साडेबारा’ या नोंदीपाशी पेन्सिल थबकली.

“पाहणे?” मामा म्हणाले. “काठ्या पाहतात व्हय बे? काठ्यांबरोबर चालतात.”

या एका वाक्यात सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेचे सारे मर्म आहे. परंतु ते मला कळावयास पायांतून रक्त यावयाची वेळ आली. प्रथम थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे. सोन्नलगी हे या गावाचे जुने नाव, आणि बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, म्हणजेच सिद्धेश्वर, हे त्याचे ग्रामदैवत. अडुसष्ट लिंगांची स्थापना त्यांनी येथे केली आणि शिष्यपरिवाराला हाताशी धरून किल्ल्याशेजारचा तो तलाव खोदविला, अशी परंपरा सांगते. कन्नड ‘शून्यसंपादने’त कथा आहे, की हे खोदकाम ऐन भरात असता अल्लमप्रभू तेथे आले आणि त्या महायोग्याचा उल्लेख त्यांनी माती उपसणारा वड्डर असा केला, ते ऐकून खोदणाऱ्या शिष्यांनी हातातल्या दगडांनीच त्यांचा समाचार घेतला. दगड प्रभूंना लागले नाहीत, ज्ञान मात्र सिद्धरामांना लागले, आणि पुढे दोघे कल्याणास बसवेश्वरांकडे गेले. अध्यात्माचा भाग अधिकारी पुरुषांवर सोपवून मी एवढेच म्हणेन, की काम चालू असता काठावर उभे राहून अभिप्राय देणाऱ्या पाहुण्याचे या तळ्यावर काय होते, याची वहिवाट आठशे वर्षांपूर्वीच पडलेली आहे. मी टिपणाचा उजवा रकाना दुमडून टाकला.

यात्रेचे मूळ एका विवाहात आहे. एका कुंभाराच्या कन्येने सिद्धरामांशीच लग्न करण्याचा हट्ट धरला. योग्यास संसार कोठला, म्हणून त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची अनुज्ञा दिली. ते लग्न सोलापूरकर दर संक्रांतीला पुन्हा लावतात. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी अक्षता, तिसऱ्या दिवशी होम, त्यानंतर शोभेचे दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरविण्याचा विधी, असा हा सोहळा आहे. योगदंडाचे प्रतीक म्हणून सात नंदीध्वज निघतात. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बूंच्या वाड्यातून ते बाहेर पडतात, आणि दुमजली सज्जांना खाली पाहावयास लावणारी ती उंच काठी एकेक गडी आपल्या कमरेवर तोलून धरून चालू लागतो, तेव्हा बघणाऱ्याचाच तोल जाण्याची पाळी येते. सभोवार पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतील माणसांचा सागर, ‘हर्र बोला हर्र’चा गजर, आणि त्या धवल समुदायात करड्या रंगाचे जाकीट घातलेला, काखेत टिपणवही धरलेला मी एकटाच असा दिसत होतो, की एका वृद्ध गृहस्थांनी मला जनगणनेचा कारकून समजून घरातल्या माणसांची नावे सांगावयास प्रारंभ केला.

या यात्रेत प्रत्येक गोष्टीला मान आहे, आणि प्रत्येक मानाला मानकरी आहे. काठी कोणत्या समाजाची कितवी, ती कोणी पेलावी, लग्नाची संमती कोणी वाचावी, भाकणुकीचे, म्हणजे भविष्यकथनाचे, वासरू कोणाच्या घरचे असावे, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. वतने सरकारने केव्हाच खालसा केली. मान खालसा करण्याचा कायदा अद्याप कोणत्याही सरकारास सुचलेला नाही, आणि सुचल्यास त्याने तो सोलापुरात अमलात आणून दाखवावा. अशा व्यवस्थेत प्रेक्षक नावाचे पद अस्तित्वात नसते. हातात काही नसलेला मनुष्य तेथे निव्वळ अडथळा ठरतो. मामांनी ही अडचण तत्काळ निवारली. अनवाणी चालण्याचा त्यांचा नेम. त्यांनी आपल्या वहाणा काढल्या, धूळ झटकली आणि माझ्या हाती सोपवल्या. माझ्या पायांत माझे बूट होते, ते मात्र पाहून पाहून लोकांनी मला इतके संकोचवले की अखेर तेही माझ्या हातात आले.

संमती कट्ट्यापाशी दुपारी अक्षता पडल्या. संमतीचे वाचन कन्नडात, गर्दीला आवरण्याच्या सूचना मराठीत, आणि माझ्या शेजारच्या कुटुंबातील वादविवाद तेलुगूत, असा तो त्रिभाषिक मंगल प्रसंग होता. ‘सत्यम् सत्यम्’ असा घोष झाला की चहूकडून तांदळाचा वर्षाव होतो. लाखांवर वऱ्हाडी, निमंत्रण एकालाही नाही, आणि रुसून बसलेला व्याही औषधालाही सापडत नाही, असे लग्न मी तरी अन्यत्र पाहिलेले नाही. दोन्ही हातांत पादत्राणे असल्याने मला अक्षता टाकता आल्या नाहीत. इतरांनी टाकलेल्या मात्र पुष्कळ मिळाल्या, आणि मामांच्या डाव्या वहाणेत जमलेल्या मी भक्तिभावाने वेचून देवाच्या दिशेने उधळल्या.

परंतु या साऱ्या उत्सवाचा मुकुटमणी माझ्या मते होमाच्या रात्रीची भाकणूक ही होय. देशमुखांच्या मानाचे एक वासरू दिवसभर उपाशी ठेवून जुन्या फौजदार चावडीपाशी आणतात, त्याची यथासांग पूजा करतात आणि त्याच्यापुढे धान्ये, गूळ, गाजर, खोबरे आदी पदार्थ मांडतात. ज्या जिनसाला ते तोंड लावील तो जिन्नस महागणार. ते बुजले, बिथरले, तर वर्षात काही अरिष्ट संभवते. आणि त्याने लघुशंका केली, तर पाऊसपाणी उत्तम. आता कल्पना करावी, की थंडीत रात्रीच्या प्रहरी हजारो प्रौढ, विचारी, करदाते नागरिक श्वास रोखून एका वासराच्या मागील बाजूकडे डोळे लावून उभे आहेत. शेतकऱ्याला पाऊस हवा. अडत्याला, त्याच्या कोठारात जो माल असेल त्यालाच वासराने हुंगावे असे वाटते, आणि तो मनोमन त्या दिशेने मान वळवून वासराला सुचवीतही असतो. वासरू कोणाचीच भीड धरीत नाही. आमच्या वासराने गुळाकडे पाहिले, आणि बाजारात जणू तेजी उसळली. मग तोंड फिरवले, आणि मंदी आली. गाजराशी ते इतका वेळ विचार करीत उभे राहिले, की माझ्या मागच्या गृहस्थांनी “आता गाजरं घेऊनच ठेवावीत” असा निश्चय प्रकट केला. अखेर कशालाही न शिवता त्याने प्रसन्न चित्ताने पावसाची ग्वाही दिली. जी आरोळी उठली, तशी मी कोणत्याही वेधशाळेच्या अंदाजापश्चात ऐकलेली नाही. वासरू दुसऱ्या दिवशी सुधारित अंदाज प्रसिद्ध करीत नाही, हाही त्याचा एक गुणच मानला पाहिजे.

होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, मात्र ज्याचा त्याने पाहावा. आकाशपाळणे, विहिरीच्या भिंतीवरून फिरणारी फटफटी, बांगड्या, भांडी, भजी; मामा प्रत्येक खर्चाची नोंद घेत होते आणि पाळण्यात बसून आल्यावर “वर जाऊन परत खालीच आलास, मग पैसे कशाचे?” असा बिनतोड लेखापरीक्षणी प्रश्न त्यांनी मला विचारला.

पक्षीनिरीक्षणाचे कलम त्यांनी उदारपणे मंजूर केले. थंडीत कंबर तलावावर आणि हिप्परग्यावर परदेशी पाखरे उतरतात, ती मी पाहिली. पाणी पाहून उतरणारे प्रवासी तेच, बाकीचे तुळजापूरची गाडी पाहून उतरतात. नान्नजचे माळढोक अभयारण्य ही अधिक गहन बाब आहे. १९७९ साली घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते, आणि त्यात सोलापूर-नगरकडील गावेच्या गावे, त्यांतील माणसे, गुरे आणि ग्रामपंचायती यांच्यासह सामावली होती. पुढे ते छाटून साधारण बाराशेवर आणले. पक्षी मात्र त्याहून झपाट्याने छाटले गेले, आणि आता माळढोक दिसला तर ती बातमी होते. साडेआठ हजारांत माणसांना अभय मिळाले, पाखराला नाही. या विधानात विनोद नाही, हे मला ठाऊक आहे.

शेवटचा दिवस हुरड्याचा. शेतात आगटी पेटवून, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली ज्वारीची कोवळी कणसे हातावर चोळून देतात, सोबत शेंगांची चटणी आणि दही. पहिला पसा तोंडात गेल्यावर मी टिपणवही काढली नाही. काढली असती तरी तीत लिहिण्यास हात मोकळा नव्हता. त्याच आगटीशी मामांनी मला निर्वाळा दिला, की ज्या अर्थी वहाणा मी धरल्या आणि कोणी हरकत घेतली नाही, त्या अर्थी वहिवाट पडली. पुढल्या संक्रांतीपासून तो मान माझ्या घराण्याचा.

तेव्हा वाचकांपैकी कोणास सोलापुरास जावयाचे असल्यास संक्रांतीचा मोसम साधावा, पांढरे कपडे न्यावेत, दोन्ही हात मोकळे ठेवावेत आणि नौकाविहाराचा आग्रह धरू नये. वहाणांची जागा भरली आहे. पाण्याचा तांब्या धरणारे मात्र कोणी नाही, आणि मामा अर्जाचा विचार करण्यास तयार आहेत.