ब्रदर, नाडी बघा की

पहिल्याच दिवशी ट्यूटर मॅडमनी विचारलं, "नर्सिंगला का आलात?" माझ्या आधी उठलेल्या सगळ्या मुलींनी "रुग्णसेवा" असं सांगितलं होतं, म्हणून मीही तेच सांगून खाली बसलो. खरं कारण वेगळं होतं. नीटचा निकाल पाहून वडिलांनी आधी चष्मा पुसला, मग मोबाईलची काच पुसली. आकडा तोच राहिला. त्याच महिन्यात मस्कतला नर्स असलेल्या चुलतबहिणीच्या घराचा दुसरा स्लॅब पडला. रुग्णसेवेतून एवढं सिमेंट निघतं म्हटल्यावर आमच्या घरात चर्चा अशी झालीच नाही.

शपथविधीला हातात दिवा दिला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा काढली ती मुलींसाठी. त्यांच्या नावानं मिशी असलेला माणूस शपथ घेतोय, हे बाईंनी पोटात घालावं. क्रिमियाच्या युद्धात त्यांच्या हाती घडीचा साधा तुर्की कंदील असायचा. आम्हाला मिळालेला दिवा मात्र अल्लादिनच्या घरचा होता. घासून पाहिला, जीएनएम या नर्सिंग कोर्सची तीन वर्षं आहेत तेवढीच राहिली.

वॉर्डात आल्यावर कळलं की इथं नाती आधीच वाटून झालीत. आया म्हणजे मावशी, वॉर्डबॉय म्हणजे मामा, नर्स म्हणजे सिस्टर. उरलेला ब्रदर मी. पण ते कुणाच्या तोंडात बसत नाही. पँट घातलेला तरुण दिसला की पेशंट उठून बसतो, "डॉक्टर आले!" एकदा इन्चार्ज सिस्टर माझ्याशेजारी उभ्या होत्या. वॉर्डात केस पिकवलेली बाई. नुसत्या चेहऱ्यावरून ताप ओळखतात. पेशंटची बायको त्यांना म्हणाली, "बाई, जरा सरका, डॉक्टरांना बघू द्या." डॉक्टरांच्या हातात तेव्हा बेडपॅन होतं.

संध्याकाळी आम्ही काही जण जर्मनचा क्लास लावतो. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली तिकडच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून आमच्या होस्टेलवर जर्मन शब्दांचं लिंग हाच चर्चेचा विषय आहे. तिथंही नर्सला जुने लोक 'श्वेस्टर' म्हणतात. म्हणजे बहीणच. सुटका नाही.

औषध देण्याचे पाच नियम आम्हाला झोपेतही येतात: योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. मला वाटायचं यातला पहिला सोपा. मग मी मेल वॉर्डात गोळ्यांचा ट्रे घेऊन उभा राहिलो आणि विचारलं, "पाटील कोण?" चार हात वर झाले. पाचवा एका खाटेखाली झोपलेल्या नातेवाइकाचा होता. मी जवळच्या खाटेपाशी जाऊन नम्रपणे म्हटलं, "तुम्हीच ना पाटील?" ते म्हणाले, "हो." केसपेपर पाहिला तर आडनाव माळी.

"मग हो का म्हणालात?"

"एवढं प्रेमानं इचारलासा, नाही कसं म्हणायचं?"

तेव्हापासून मी "तुमचं पूर्ण नाव सांगा" एवढंच म्हणतो. उत्तर आपण पुरवायचं नाही. 'सात नंबरला सलाईन, बारा नंबरची शुगर' ही वॉर्डाची भाषा मला म्हणूनच पटत नाही. सात नंबरला घरी नाव असतं. बहुधा पाटील.

पण सगळ्यात अवघड काम इंजेक्शनचं नाही, श्वास मोजण्याचं आहे. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा श्वास घेतो. म्हणून नाडी पाहून झाली तरी मनगट सोडायचं नाही, घड्याळाकडे बघत छाती किती वेळा वर येते ते गुपचूप मोजायचं. पूर्ण एक मिनिट. चार्टवर मात्र सगळ्या वॉर्डाचा श्वास वीस. न्यूमोनियाचाही वीस, डिस्चार्जवाल्याचाही वीस. हे मिनिट कुणालाच परवडत नाही, हे त्यावरून कळतं. मीही दोनदा वीस लिहिलेत.

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजोबांनी मला पकडलं. "एवढा वेळ नाडी? काय घावंना व्हय?" मी म्हटलं, "घावतीय, बारीक हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच हात पुढं केला. तिसऱ्या दिवशी तर ड्युटी दुसऱ्या रांगेत असताना हाक आली.

परवा नाइटला, पहाटेचे चार वाजले असतील. "ब्रदर, नाडी बघा की."

टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास, सहाला घ्यायचा होता. तरी स्टूल ओढलं, मनगट धरलं, घड्याळाकडं पाहिलं. बारापर्यंत आलो तोच आजोबा म्हणाले, "म्हस गाभण हाय. पोरगं ध्यान देतंय का न्हाई कुणास ठावं." बोलताना श्वास मोजता येत नाही. म्हैस संपली, मग वैरण निघाली, वैरणीवरून भावकी. ते दम खायला थांबले की मी पुन्हा एकपासून मोजायला लागायचो.